आपली म्हणजे कोणाची

‘जागेचा मालक कोण?’ एवढंच विद्याधरांनी लिहून पाठवलं होतं, आणि प्रज्योतने ते अंधेरीच्या ऑफिसात, कॉफीच्या मशीनपुढे रांगेत उभा असताना वाचलं. आधी नमस्कार नाही, शेवटी आभार नाहीत. मागे उभ्या असलेल्या मुलीने त्याला दोनदा ‘सर, पुढे चला ना’ म्हटलं तेव्हा आपला कप भरून सांडतोय हे त्याच्या लक्षात आलं. बोटांवर कॉफी आली होती आणि ती गरम होती, पण त्याला राग आला तो म्हाताऱ्याचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहणारा, स्वतःचे गुडघे धड नसलेला हा माणूस. साऱ्या मुंबईत कोणी कुठे डबा लपवावा आणि कोणी लपवू नये हे त्याने ठरवायचं! खेळ तो काय, तर हातभर खोल कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचा डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, मग लोकांनी मोबाईल हातात धरून तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवून द्यायचा. जिओकॅशिंग. जगभर लाखो लोक खेळतात, असं मुंबईतल्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपमधला प्रत्येक जण नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, जणू लाखो लोकांनी केलं की मूर्खपणा पवित्र होतो. प्रज्योत स्वतः कित्येक वर्षं खेळत होता आणि खेळणाऱ्यांपैकी एकाही माणसाबद्दल त्याला आदर नव्हता. पवईहून मोठी गाडी काढून नाहूरच्या पुलाखाली डबा शोधायला येणारा मिहिर, आणि डबा सापडला की लहान मुलासारखा हात वर करून घेतलेला त्याचा फोटो. असल्या लोकांत आपण का जातो, असं प्रज्योतला दर वेळी घरी परतताना वाटे. आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा जाई.

खेळाचा एक नियम मात्र असा होता की त्याच्यापुढे सगळे गप्प होत. डबा प्रसिद्ध व्हायच्या आधी विद्याधरांनी तो तपासायचा, आणि जागा कोणाच्या मालकीची असेल तर त्या मालकाची परवानगी हवी. मुंबईत! प्रज्योतला या शब्दाचंच हसू येई. ज्या शहरात फूटपाथवर देऊळ उगवतं, देवळामागे खोली उगवते, खोलीवर पोटमाळा चढतो आणि एक दिवस त्या सगळ्यावर तिसाव्या मजल्यापर्यंत काच लागते, तिथे एक म्हातारा डब्याला परवानगी आहे का विचारत बसलाय. बोरिवलीला जंगलाच्या कडेला ठेवलेला डबा त्याने काढायला लावला होता, कारण वनखात्याला विचारलं नव्हतं. गोरेगावच्या एका सोसायटीच्या भिंतीतला डबा वॉचमनला सापडला, सेक्रेटरीने पोलीस बोलावले, आणि पोलिसांनी तो डबा काठीने ढोसून ढोसून उघडला तर आत पेन्सिल, वही आणि प्लॅस्टिकचं बदक. सेक्रेटरीने तरीही नोटीस लावली की अनोळखी वस्तू ठेवणाऱ्यावर कारवाई होईल. ती नोटीस लावलेली भिंतच मुळी सोसायटीच्या हद्दीबाहेर दीड हात रस्त्यावर होती. प्रज्योतने हे ग्रुपमध्ये लिहिलं तेव्हा विद्याधरांनी उत्तर दिलं होतं, ‘ते त्यांचं पाप. आपण आपलं नीट करायचं.’ नीट! हा शब्द त्याने त्या दिवशी कितीतरी वेळ तोंडात घोळवला होता, किडलेल्या दातावरून जीभ फिरवावी तसा.

‘जागा माझीच आहे, सर,’ त्याने कॉफी पुसून, टेबलाशी बसून लिहिलं. उत्तर लगेच आलं. म्हाताऱ्याला दुसरं काम काय? ‘तुझीच म्हणजे? तू तर गोरेगावला फ्लॅटमध्ये राहतोस. नकाशात मला ते मोकळं मैदान दिसतंय, बांबू बांधलेत.’ प्रज्योतने फोन पालथा ठेवला. बांबू बांधलेत! त्या बांबूंना वलांडी म्हणतात आणि त्यांवर बोंबील सुकत घालतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोन दोन दोरीवर टांगतात, आणि उन्हात ते काचेचे असल्यासारखे चमकत लोंबतात. ते मैदान नाही, खळं आहे. अंधेरीच्या पश्चिमेला समुद्राच्या टोकाशी जो कोळीवाडा आहे, त्याच्या शेवटच्या घरांपलीकडचं खळं. त्यात कोणाच्या घराची पट्टी कुठून कुठवर, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि जगात दुसरं कुणालाही नसतं. समुद्राकडून तिसरी पट्टी त्याच्या बापाची. बाप गेला, आई गेली, प्रज्योत शिकला, नोकरीला लागला, गोरेगावला फ्लॅट घेतला. पट्टी तिथेच राहिली. त्याच पट्टीच्या तोंडाशी कुठल्याशा नगरसेवकाने निधीतून एक सिमेंटचं बाकडं बसवलं होतं. पक्ष बदलल्यावर त्याचं नाव चुन्याने पुसलेलं. त्या बाकड्याखाली, फुटलेल्या लादीच्या मागे, प्रज्योतने डबा ठेवला होता. ऑफिसात कोणी गाव कुठलं विचारलं की तो अंधेरी म्हणे. लोक हसत. अरे, अंधेरी कुणाचं गाव असतं का, गाव म्हणजे कोकणात, साताऱ्याला, कुठेतरी! मग तो त्यांच्याबरोबर हसे. हसता हसता त्यांच्याकडे बघे. सगळे भाड्याच्या खोल्यांतले, दूरवर गहाण टाकलेलं गाव मिरवणारे, आणि हे त्याला हसतात.

तो डबा त्याने तिथेच का ठेवला हे मात्र त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. जानेवारीत दूरच्या नात्यातल्या एका हळदीला तो गेला होता. श्वेताला, त्याच्या बायकोला, बरं नव्हतं म्हणून एकटाच. मांडवात डीजे लागला होता, म्हातारे टोपीवाले आणि तरुण पोरं एकाच तालावर नाचत होती, आणि तो हातात थंड पेयाची बाटली धरून कडेला उभा होता. एका बाईने त्याला ‘तुमी नवऱ्याच्या हापिसातले का?’ विचारलं. त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिने ठरवावं अशी. मग तो मांडवातून निघून खळ्यावर आला. दुपार उतरली होती, ओला माल वलांड्यांवर होता, आणि तो वास आला. वास म्हणजे काय, भिंतच ती. कॉलेजला असताना त्याने या वासाशी जेवढं वैर केलं तेवढं कोणा माणसाशी केलं नव्हतं. पार्ल्याच्या हवेला तेव्हा बिस्किटांचा वास असे. स्टेशनवरून उतरून कॉलेजकडे चालताना गोड, भाजक्या, दुधाळ वासातून जावं लागे, आणि त्याला वाटे की या सबंध उपनगराला वरून साखर लावून ठेवलीय आणि आपण एकटेच खारवलेले आहोत. सकाळी आई अंगणात जवळा पसरे, म्हणून तो शर्ट घरात वाळत घालत नसे, मित्राकडे नेई. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने एकदा खिडकी उघडली होती. उकडत होतं म्हणूनही उघडली असेल. पण त्या दिवसापासून तो खिडकीशी बसायला लागला, की उघडायची तर आपणच उघडू. आणि आता हळदीच्या मांडवातून आल्यावर तोच वास नाकात शिरला तेव्हा त्याला किळस आली, नेहमीसारखीच आली. पण किळसेच्या खाली काहीतरी एवढं सैल पडलं की तो त्या बाकड्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. पुढच्या आठवड्यात तो डबा घेऊन आला. कोणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी कोण काय बोलणार होतं?

“तू त्या म्हाताऱ्याला फोटो पाठव ना आजीचा वगैरे, खळ्यावर बसलेला,” श्वेता त्या संध्याकाळी म्हणाली. ती नाहूरची. तिच्या माहेरचे कोकणातले, आजोबा गिरणीत होते, आणि तिच्या घरात सगळं कसं कागदोपत्री होतं: खोलीची पावती, गिरणीचं कार्ड, रेशनकार्ड, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. “नाहीतर सोड यार. डबाच आहे. दुसरीकडे ठेव.”

“दुसरीकडे का? जागा माझी आहे.”

“मग कागद दे.”

“कागद नाहीये. तिथे कुणाचाच कागद नाहीये.”

“मग तुझी कशी?”

ती हे सहज बोलली, कुकरची शिटी काढत बोलली. त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं आणि त्याला तिचा सबंध नाहूरचा गोतावळा दिसला, पिशव्यांत कागद जपणारा. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला या लोकांचा हेवा वाटला, म्हणून त्याने त्यांचा अधिकच तिटकारा केला. रात्रभर त्याच्या डोक्यात विद्याधरांचं पुढचं वाक्य होतं. ‘खासगी असेल तर मालकाचं पत्र, सामाईक असेल तर जे कोणी बघतात त्यांचं. दोन ओळी पुरेत. जागा आमची आहे आणि आमची हरकत नाही. बस.’ दोन ओळी! सकाळी दाढी करताना त्याने ठरवलं की आपण दशरथकाकाकडे जायचं, दोन ओळी आणायच्या आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकायच्या. दशरथ म्हणजे त्याच्या बापाचा थोरला भाऊ, खळ्याच्या पंच कमिटीचा प्रमुख. कमिटी म्हणजे चार म्हातारे, एक शिक्का आणि एक कुलूप लावलेलं कपाट.

काका ओट्यावर जाळं विणत बसला होता. चुलतबहीण सुगंधा आत मासळी निवडत होती. नवरा गेल्यापासून ती बापाकडेच होती आणि तिसऱ्या पट्टीवर तीच माल सुकत घाली. म्हणजे कोणी ठरवलं नव्हतं. पट्टी रिकामी होती, तिने दोरी बांधली. “कवा आयलास?” काका म्हणाला, सुईवरून नजर न काढता. “आत्ताच आलो, काका,” प्रज्योत म्हणाला. आपली भाषा त्याला स्वतःलाच बातम्या सांगणाऱ्यासारखी ऐकू आली. गावात आला की ती आणखीच ताठ होई. ते थांबवता येत नसे. सुगंधाने पाणी आणलं, “जाडा झाला रे तू,” म्हणाली, आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. त्याने डबा, खेळ, वेबसाइट, सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता त्याला कळत होतं की हे या ओट्यावर किती खुळचट ऐकू येतंय, आणि खुळचट ऐकू येतंय म्हणून तो अधिक सावकाश, लहान मुलांना सांगावं तसं सांगत गेला.

“मंग लोकं कुठनं येनार?” काकाने विचारलं.

“ठाणं, मुलुंड, पुणं. फॉरेनचे पण येतात.”

“आनि डबा गावला की?”

“वहीत नाव लिहायचं. आणि परत ठेवायचा.”

काका आणि सुगंधा दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, पुढे काहीतरी असेल म्हणून. मग सुगंधा फिस्सकन हसली. “येवढाच?” काकाही हसला, जाळं मांडीवरून घसरेपर्यंत हसला, आणि प्रज्योत तोंडावर समजूतदार हसू ठेवून बसला. इतक्या वर्षांत हा खेळ आपण किती हास्यास्पद मानला, आणि आता हे लोक त्याला हसतात तर आपल्याला का झोंबतंय, ते त्याला कळेना. बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवण्यात जन्म गेलेल्या माणसांनी हसावं!

“ठेव ना मंग,” काका डोळे पुसत म्हणाला. “आमाला कला विचारतंस? तुज्या बापाची पट्टी. कोन काय बोलनार?”

इथेच तो उठला असता तर! पण त्याच्या डोक्यात मुलुंडचा म्हातारा होता. “लेखी पाहिजे, काका. दोन ओळी. कमिटीच्या शिक्क्याने.”

“कसल्या?”

“की जागा आपली आहे आणि तुमची हरकत नाही.”

काकाने जाळं बाजूला ठेवलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथे विसरून राहिल्यासारखं दिसायला लागलं. “आपली म्हंजे कोनाची?”

“म्हणजे... पट्टी बाबांची. आता माझी.”

“आस्सा लिवायचा? का पट्टी परज्योतची?”

“लिहिलं तर बरंच. त्या लोकांना नाव लागतं.”

सुगंधा दारातून एक पाऊल पुढे आली होती. पाण्याचा रिकामा पेला तिने उचलला होता आणि तो ती पदराने पुसत होती, कोरडा झाला तरी पुसत होती. “दादा,” ती बापाला म्हणाली, “मोजनीवाले पावसाच्या आगुदर येनार हाईत ना?” आणि प्रज्योतला एकदम सगळं दिसलं. गावात हद्द मोजायला सरकारी माणसं येणार होती. कोणी म्हणत होतं प्रत्येक घराच्या नावावर होणार, कोणी म्हणत होतं खळं मोकळी जागा म्हणून लावून उद्या टॉवर येणार. साऱ्या गावात कागदाचा एक चिटोरा नसताना अशा वेळी गोरेगावचा पुतण्या येऊन ओट्यावर बसतो, प्लॅस्टिकच्या डब्याची गोष्ट सांगतो, आणि शिक्का मारून आपल्या नावाने पट्टी लिहून मागतो.

“काका, तसं काही नाहीये,” तो म्हणाला.

“मी कवा बोललो तसा हाय?” काका शांतपणे म्हणाला. “डबा ठेव. पन कागद नाय.”

“तुम्हाला वाटतंय मला पट्टी पाहिजे?”

“तुला पायजे का नाय, ता तुला ठावं.”

“मला काय करायचंय त्या पट्टीचं!” प्रज्योतचा आवाज चढला आणि त्याबरोबर त्याची भाषा आणखी शुद्ध झाली. “तो वास माझ्या अंगाचा जायला मला किती वर्षं लागली माहितीये तुम्हाला? उद्या फुकट दिलीत तरी मी तिथे पाय ठेवणार नाही. राहा तुम्ही त्या घाणीत. कागद नाही म्हणून रडत राहा आणि कोणी मागायला आला की दात दाखवा.”

शेजारच्या ओट्यावरची बाई हातातलं काम थांबवून बघायला लागली. काकाने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. सुगंधाच बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता हेच वाईट होतं. “मंग डबा कला ठेवलास रे घानीत?” ती म्हणाली. कशाला, हे ती खरोखरच विचारत होती. तिला जाणून घ्यायचं होतं.

तो उठून निघाला. गल्लीतून, मग मच्छीबाजाराच्या पाठीमागून, मग मोठ्या रस्त्यावर. रिक्षावाल्याने ‘स्टेशन?’ विचारलं आणि त्याने मान हलवली, पण बसला नाही, तसाच चालत राहिला. दोन्ही बाजूंना टॉवर होते. त्यांच्या गेटवर निळे शर्ट घातलेले वॉचमन आत जाणाऱ्या प्रत्येकाला नाव, मजला, काम विचारत होते, आणि प्रत्येक जण थांबून सांगत होता. अडाणी, संशयी, असं तो मनात काकाला म्हणत होता. साठ वर्षं एकाच जाळ्याची भोकं सांधत बसलेला. आपल्याला पट्टी हवी, असं या लोकांना सुचतं कसं? ज्यांना स्वतःला काही सोडता येत नाही त्यांनाच असं सुचतं. मला पट्टी हवी असती तर मी वकील आणला असता, डबा कशाला आणला असता? पण चालता चालता त्याच्या ध्यानात आलं की आपण सकाळपासून त्या दोन ओळी मनात लिहितोय, आणि लिहिताना प्रत्येक वेळी खेळ, डबा, विद्याधर हे सगळं गळून जातंय आणि खाली राहतंय ते फक्त एक नाव आणि शिक्क्याची गोल निळी शाई. तो कागद विद्याधरांना पाठवून झाल्यावर आपण काय करणार होतो? फाडणार होतो? नाही. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणार होतो. पिशवी कपाटात कुठे ठेवायची, हेसुद्धा कुठेतरी ठरलं होतं. कधी ठरलं ते मात्र त्याला आठवेना. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आणि एक जाळं विणणारा म्हातारा आणि एक मासळी निवडणारी बाई ओट्यावर बसून ते वाचून मोकळी झाली होती. मग तो पुन्हा रागावला, कारण रागावलं की बरं वाटे. घरी आल्यावर त्याने विद्याधरांना लिहिलं, ‘परवानगी मिळत नाहीये. तिथले लोक अशिक्षित आहेत, त्यांना खेळ समजत नाही. विषय बंद करा.’ श्वेताने काय झालं विचारलं तर तो म्हणाला, “काही नाही. तुझं बरोबर होतं. दुसरीकडे ठेवीन.”

विषय मात्र बंद झाला नाही. पुढच्या आठवड्यात तो ऑफिसात असताना विद्याधरांचा फोन आला. म्हातारा फोन कधी करत नसे. त्याचा आवाज एवढा खुशीत होता की प्रज्योतला आधी तो ओळखूच येईना. “अरे, मीच जाऊन आलो,” विद्याधर म्हणाले. “म्हटलं, बघू तरी अशिक्षित कसे असतात! तुझं नाव सांगितलं तर घर लगेच दाखवलं. काय माणूस आहे रे तुझा काका, झकास! आम्ही मालवणकडचे, मासळीची गोष्ट निघाली ती जेवूनच उठलो. तुझ्या बहिणीने ताजे बोंबील तळले. काय कुरकुरीत!” प्रज्योत काचेच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. “आणि पत्र दिलं,” विद्याधर सांगत होते. “शिक्का मारून. खळं गावाचं आहे, गावाची हरकत नाही. दोन ओळीच, पण अशा मोजून-मापून लिहिल्यात की आमच्या खात्यातला हेडक्लार्क लाजेल. तू उगाच त्यांना नावं ठेवतोस.”

“दिलं?” प्रज्योत म्हणाला.

“दिलं ना. फक्त एक अट घातली म्हाताऱ्याने. गंमतच आहे.” विद्याधर हसले. “म्हणाला, डबा तुमच्या नावाने ठेवा. तुमच्या नाहीतर तुमच्यातल्या आणखी कोणाच्या. आमच्या पोराच्या नावाने नको. मी विचारलं का, तर म्हणाला, घरचा आहे ना, म्हणून. आता घरच्याला नको आणि परक्याला चालेल, हा कुठला न्याय? पण मी म्हटलं, आपल्याला काय, परवानगी महत्त्वाची. डबा तुझाच वापरलाय, चांगला आहे, झाकण घट्ट बसतं. रागावला नाहीस ना?”

“नाही,” प्रज्योत म्हणाला. “त्यात काय रागवायचं?”

“मग रविवारी ये. पहिल्या दिवशी सगळे जमतायत. तू असलास की वाट तरी चुकणार नाही.”

न जाण्याची सगळी कारणं त्याच्याजवळ होती, आणि रविवारी तो गेला. ग्रुपमधली पाच-सहा माणसं डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन गावात शिरली. प्रत्येकाच्या हातातला मोबाईल एकाच दिशेला तोंड करून होता, आणि प्रज्योत त्यांच्या मधोमध चालत होता. वाट दाखवायची गरज पडली नाही; फोन दाखवत होता. पोरं मागे लागली, कुत्री भुंकली, ओट्यांवरच्या बाया काम थांबवून बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात आपण बाकीच्यांपासून वेगळे पडतो का हे प्रज्योत टोपीखालून तपासत होता. पडत नव्हता. मिहिर घराघरांच्या रंगाचे फोटो काढत होता आणि ‘किती ऑथेंटिक आहे ना’ म्हणत होता. त्याला ठेवून द्यावी अशी थप्पड प्रज्योतच्या हातात तयार होती, पण ती कोणत्या हक्काने मारायची ते त्याला उमगेना. पुढे खळं उघडलं. ऊन चांगलं होतं आणि माल भरपूर होता. ओळीच्या ओळी लोंबत होत्या, वाऱ्याने एकमेकांवर आपटून सुक्या पानांसारख्या वाजत होत्या. काका बाकड्यावर विद्याधरांच्या शेजारी बसला होता आणि दोघं काहीतरी बोलून हसत होते. प्रज्योत आल्याचं काकाने पाहिलं. त्याने मान हलवली, येणाऱ्या सगळ्यांना मिळून हलवावी तशी एकच, आणि पुन्हा विद्याधरांकडे वळला.

तिसऱ्या पट्टीवर सुगंधा दोरीवरचे अजून ओले बोंबील उलटत होती. टोळकं जवळ आलं तेव्हा ती हात पदराला पुसून पुढे झाली. तिला हे काम दिलेलं असावं, किंवा तिनेच घेतलं असावं. ती पाहुण्यांशी बोलताना बोलतात तसं बोलत होती, जरा मोठ्याने, जरा सावकाश. “या, या. डबा बघायला ना? बाकड्याच्या बाजूला बघा, गावंल. सावलीत उभे ऱ्हावा.” मिहिर गुडघ्यावर बसून बाकड्याखाली हात घालायला लागला, दुसरे वाकून सूचना देऊ लागले, आणि लादी कुठली, डबा कुठे, हे ठाऊक असलेला प्रज्योत दोन वलांड्यांच्या मधे उभा राहिला. एका बाजूने दोरी त्याच्या खांद्याला लागत होती. सुगंधा त्याच्याकडे वळली. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, टोपीपासून हनुवटीपर्यंत पाहिलं, आणि त्याला वाटलं आता ती ‘जाडा झाला रे’ असं काहीतरी म्हणेल, किंवा शिवी घालेल. शिवी घातली असती तरी चाललं असतं.

“तुमीपन बघा ना,” ती म्हणाली. “फकस्त दोरीला हात लावू नका हां. माल वला हाय.”

तो एक पाऊल मागे सरला. तोंडात आलेलं वाक्य त्याने ठरवलेलं नव्हतं. कित्येक वर्षांत ते त्या जिभेवर आलं नव्हतं, आणि आलं ते आईच्या चालीत आलं. “नाय लावत, ताय,” तो म्हणाला. “ठावं हाय माना.”

सुगंधाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती आधीच दुसऱ्या कोणाला तरी पाण्याची बाटली कुठे ठेवायची ते दाखवत होती. ऐकलं ते मिहिरने. तो गुडघ्यांवरची धूळ झटकत, डबा छातीशी धरून उठला होता. प्रज्योतकडे तो अशा काही कौतुकाने बघत होता, की तसं एवढ्या वर्षांच्या ओळखीत कधी बघितलं नव्हतं.

“अरे वा! तुला यांची भाषा येते?”

“थोडीफार,” प्रज्योत म्हणाला.